व्हाइसशेजारी उभा राहणारा माणूस

फिटर ट्रेडला आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात कोणी मशीनला हात लावू देत नाही. त्याला मिळते एक कानस आणि माइल्ड स्टीलचा ओबडधोबड तुकडा. तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा, व्हाइसचा जबडा आपल्या कोपराच्या उंचीला येतो ना हे बघायचं, डावा पाय पुढे टाकायचा आणि कानस ढकलायची. दाब फक्त पुढे जाताना द्यायचा, कारण दाते पुढे जातानाच कापतात. मागे येताना दाबली तर लोखंड निघत नाही, कानस तेवढी बोथट होते. ढकलायला सुरुवात करताना जोर डाव्या हाताचा जास्त, ढकलणं संपताना उजव्या हाताचा. ही अदलाबदल जमली नाही की पृष्ठभाग मध्ये फुगीर आणि कडांना उतरता होतो. पोराला वाटतं सपाट झालं. मग आपण गुण्या लावून तुकडा खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेड दिसला की बोलायची गरज उरत नाही.

दातांत लोखंडाचे बारीक कण अडकतात आणि गुळगुळीत होत आलेल्या जॉबवर ओरखडे उठतात, म्हणून कानशीला खडू घासायचा. एवढी साधी गोष्ट कुठल्याही पोराला पुस्तकातून कळलेली मी पाहिली नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून खडू घासून दाखवला, तेव्हाच ती कळली.

मी मराठवाड्यातल्या सरकारी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो आणि सगळी नोकरी या उभं राहण्यात गेली. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आमच्या वेळच्या औरंगाबादच्या, औद्योगिक वाढीविषयी मी बरंच वाचलं आणि ऐकलं. त्यात कंपन्यांची नावं असतात, उद्योजकांची नावं असतात, एमआयडीसीच्या भूखंडांचे आकडे असतात. शिकवलं कोणी, हे मात्र त्यात नसतं. हजारो मशिनी आल्या त्या दिवशी त्या चालवणारे, सेट करणारे, बिघडल्या तर उघडून बसणारे लोक कुठून आले? त्यांना कोणीतरी घडवलं होतं. या शहराचा इतिहास मला त्या बाजूने सांगायचा आहे, कारण ती बाजू सांगणारी माणसं आता निवृत्त होऊन घरी बसली आहेत.

हातातलं कसब या शहराला नवं नव्हतं. हिमरू आणि मशरू विणणारे कारागीर इथे पिढ्यान् पिढ्या होते, पैठणीचं पैठण तर शेजारीच. खेड्यात सुतार होता, लोहार होता. लोहाराचं पोर चालायला लागलं की भात्याजवळ, हात धरू लागलं की घणाजवळ. लोखंड लाल झालं की पिवळट झालं, कुठल्या रंगाला ठोकायचं आणि कुठल्या रंगाला पाण्यात घालायचं, हे त्याला वयाच्या दहाव्या वर्षी कळायचं. ही विद्या कमी दर्जाची होती असं मला कधीच वाटलं नाही. आमच्या हीट ट्रीटमेंटच्या धड्यात टेंपरिंगचे रंग येतात, ते गावच्या लोहाराला पाठ होते. प्रश्न विद्येचा नव्हता, दाराचा होता. लोहाराची विद्या लोहाराच्या घरात, विणकराची विणकराच्या घरात. बाहेरच्या पोराला ती शिकायची म्हटलं तर बसायला जागा नव्हती, आणि घरातल्या पोराला ती नको असली तरी सुटका नव्हती.

कारखाना आला म्हणून हे दार आपोआप उघडलं नाही. १८८९ मध्ये औरंगाबादेत कापसाची सूत आणि कापड गिरणी सुरू झाली, तिथे सुमारे ७०० माणसं कामाला होती. १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे आली आणि तिच्या काठाने जिनिंगचे कारखाने उभे राहिले. पण देशभरच्या गिरण्यांत काम शिकायची रीत एकच होती: जॉबरच्या हाताखाली राहायचं, तो दाखवील तेवढं शिकायचं. जॉबर कामावर घेणार, तोच शिकवणार, तोच काढून टाकणार. शिकवणं ही त्याची मर्जी होती.

महाराष्ट्रात ही रीत मोडणारी पहिली मोठी नावं दोन. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. तिथे ड्रॉइंग शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे नोकरी सोडून बेळगावात गेले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या उजाड माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथे शंभूराव जांभेकरांसारखा माणूस होता, ज्याचं इंजिनिअरिंगचं शिक्षण पुरं झालं नव्हतं पण हात आणि डोकं दोन्ही विलक्षण होतं. आजूबाजूच्या खेड्यांतली, कधी नांगर सोडून काही न धरलेली माणसं तिथे ओतकाम आणि लेथ शिकली. लक्ष्मणरावांना मी कारखानदारापेक्षा शिक्षक जास्त मानतो. मास्तर असलेला माणूस कारखाना काढतो तेव्हा पहिल्या दिवसापासून तो शिकवणाऱ्याची जागा राखून ठेवतो.

पण एकेका कारखान्याने आपल्यापुरती माणसं घडवणं वेगळं आणि देशाने घडवणं वेगळं. ते दुसरं काम आपल्याकडे युद्धामुळे सुरू झालं. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारला दारूगोळ्याच्या कारखान्यांसाठी आणि सैन्याच्या वर्कशॉपसाठी फिटर, टर्नर, वेल्डर हवे होते, आणि ते मिळत नव्हते. तेव्हा कामगार खात्याने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली. १९४१ पासून काही तरुण इंग्लंडला पाठवले गेले. तिथले कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने ती योजना ओळखली जाई.

जुलै १९४२ मध्ये या कामगार खात्याची जबाबदारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आली. त्यांच्याविषयी सगळं बोललं जातं, पण फिटरांच्या प्रशिक्षणाचं खातं चार वर्षं त्यांच्या हाताखाली होतं हे आमच्या वर्गातल्या पोरांना ठाऊक नसायचं. त्याच वर्षी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी तांत्रिक शिक्षणाची मागणी केली होती. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये त्यांना उमेदवार म्हणून घ्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ही मागणी पुन्हा पुन्हा वाचली आहे. वकिली आणि पदव्या यांच्याइतकाच लेथ महत्त्वाचा आहे, हे त्यांना दिसत होतं. ज्या कसबाचं दार जन्माने बंद केलं होतं, ते सरकारी वर्कशॉपमधून उघडता येईल, हा त्यातला विचार होता. पुढे १९५० मध्ये याच शहरात त्यांनी मिलिंद महाविद्यालय काढलं. मिलिंदचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. प्रशिक्षण योजनेचाही तितकाच माहीत व्हायला हवा.

युद्ध संपल्यावर तीच केंद्रं सैन्यातून सुटलेल्या जवानांसाठी वापरली गेली, फाळणीनंतर निर्वासितांसाठी. आणि १९५० मध्ये त्यांच्यातूनच कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, म्हणजे आजची आयटीआय. देशात तेव्हा अशा संस्था पन्नासच्या आसपास होत्या. शिवराव समितीने १९५४ मध्ये सुचवलं आणि १९५६ पासून त्यांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. त्याच वर्षी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला आणि कारखान्यांना अप्रेंटिस घेणं बंधनकारक झालं.

प्रवेशाचा फॉर्म, गुणांची यादी, ट्रेडचं वाटप. आजच्या पोराला यात काही विशेष वाटणार नाही. पण लोहाराच्या घरात न जन्मलेल्या पोराला लोखंडकाम, आणि विणकराच्या पोराला वायरमनचं काम शिकायचा हक्क एका सरकारी यादीवर मिळाला, ही घटना मला आमच्या भागाच्या इतिहासात फार मोठी वाटते. माझ्या बॅचला बेंचच्या एका बाजूला मिलिंदच्या नागसेनवन परिसरातल्या वसतिगृहात राहणारा मुलगा होता, दुसऱ्या बाजूला बुरूड घरातला, पलीकडे पाटलाचा. सगळ्यांच्या तुकड्यावर गुण्या एकच लागायचा.

मी १९७६ मध्ये शिकायला आयटीआयत गेलो. गाव गेवराई तालुक्यातलं, जमीन कोरडवाहू. बहात्तरचा दुष्काळ मी खडीच्या ढिगावर पाहिला होता. घरातली मोठी माणसं पाझर तलावाच्या कामावर, आम्ही पोरं खडी फोडायला. चौऱ्याहत्तरला विद्यार्थ्यांनी मराठवाडा विकास आंदोलन पेटवलं तेव्हा त्यातल्या मागण्या आम्हाला भाषणातून नाही, घरातल्या रिकाम्या कणगीतून कळत होत्या. ब्रॉडगेज हवी, उद्योग हवेत, नोकऱ्या हव्यात. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली होती, रेल्वे स्टेशनजवळची वसाहत होती, चिकलठाणा वाढत होतं. पण कंपन्या अजून मोजक्या होत्या. म्हणून आयटीआय झालं की अप्रेंटिससाठी पुण्याची गाडी धरायची, ही आमच्याकडची ठरलेली वाट होती. मीही पिंपरी-चिंचवडला गेलो.

तिथे मला दोन प्रकारचे कारखाने दिसले. एका प्रकारात अप्रेंटिसचं वर्ष म्हणजे स्वस्तातला हात. एका ड्रिलिंग मशीनवर उभा केला की वर्ष संपेपर्यंत तेच भोक, तोच जॉब. दुसऱ्या प्रकारात प्रशिक्षण विभाग वेगळा, त्याचे मास्तर वेगळे, डायरी रोज तपासली जायची, दर काही आठवड्यांनी शॉप बदलायचा. टाटांच्या टेल्कोविषयी तेव्हा सगळीकडे बोललं जायचं. सुमंत मुळगावकरांनी पुण्यात गाड्या बनवायच्या आधी टूलरूम आणि प्रशिक्षण विभाग उभा केला होता. जमीन साठच्या दशकात घेतली, गाडी बाहेर पडली १९७७ मध्ये. मधली वर्षं माणसं आणि हत्यारं तयार करण्यात गेली. जमशेदपूरला डेमलर-बेंझबरोबर पंधरा वर्षं काम केलेल्या कंपनीला हे शहाणपण आलेलं होतं: गाडी बनवता येण्याआधी गाडीचे साचे बनवता यायला हवेत, आणि साचे बनवता येण्याआधी साचे बनवणारा माणूस.

मी स्वतः पहिल्या प्रकारच्या कारखान्यात होतो. तिथले एक वयस्क मिस्त्री जेवणाच्या सुट्टीत मला स्क्रेपिंग शिकवायचे. पृष्ठभागावर निळा रंग अगदी पातळ चोळायचा, जॉब सरफेस प्लेटवर फिरवायचा, जिथे निळं लागलं तिथे उंचवटा, तो स्क्रेपरने खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं. हळूहळू दोन-चार ठिपक्यांच्या जागी सगळीकडे बारीक ठिपके येतात. त्यांना या शिकवण्याचा पगार मिळत नव्हता. मी निदेशक व्हायचं ठरवलं ते त्यांच्यामुळे.

निदेशकाला स्वतः एक वर्ष शिकावं लागतं. त्यासाठी मुंबईला चुनाभट्टीच्या केंद्रीय प्रशिक्षण संस्थेत गेलो. तिथे धड्याच्या चार पायऱ्या शिकवत: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, मग तपासणं. दिसायला चार ओळींची गोष्ट. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जहाजं आणि विमानं बांधायला लाखो नवख्या माणसांना ज्या रीतीने तयार केलं, तिच्या पायऱ्या अगदी अशाच होत्या. युद्धानंतर ती पद्धत जपानला गेली, आणि पन्नासच्या दशकात टोयोटाने ती आपल्या कारखान्यात इतकी मुरवली की पुढे जगाने ती टोयोटाची म्हणूनच शिकली. आम्हाला ती सरकारी छापील पुस्तिकेतून मिळाली होती. पुस्तिका तीच, रीत तीच. त्यांनी ती फोरमनच्या कामाला जोडली, आपण परीक्षेला.

मी नोकरीला लागलो तो काळ औरंगाबादचं रूप पालटण्याचा होता. १९८४ मध्ये दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेषाचा अहवाल दिला. रस्ते, सिंचन, वीज यांच्या रांगेत तंत्रशिक्षणाचा अनुशेषही तिने मोजला होता, आणि मराठवाडा मागे होता हे आता सरकारी कागदावर आलं. त्याच वर्षी राज्यात व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय स्वतंत्र झालं. पुढच्या वर्षी वाळूज.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १६ महिन्यांत उभा राहिला. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ज्या माळावर त्याआधी बाजरी आणि करडई होती, तिथे पहाटे पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या लागू लागल्या. बीड, जालना, परभणी, बुलढाणा इथून पोरं यायला लागली. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, पंढरपूर या गावांत एकेका खोलीत पाच-सहा जण, शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपणारी. ज्यांच्या बापाने पुण्याची गाडी धरली असती, त्यांना आता बजाजनगरची एसटी पुरत होती. त्याच साली अनुरंग जैन यांनी दोन डाय-कास्टिंग मशिनींवर काम सुरू केलं; त्याचीच पुढे एन्ड्युरन्स झाली. एका मोठ्या कारखान्याभोवती शेकडो वर्कशॉप उभी राहिली. कुणी क्लच प्लेट, कुणी ब्रॅकेट, कुणी नुसते बुश.

त्या वर्षांत कंपन्यांचे लोक आमच्याकडे निकालाच्या आधी यायचे. पोरं परीक्षा देऊन थेट गेटवर. माझ्या मनात तेव्हा आनंद होता आणि एक काळजीही होती. ऑपरेटर भराभर लागत होते, पण टूलरूममध्ये बसवावा असा माणूस सापडत नव्हता.

हा फरक बाहेरच्यांना पटकन कळत नाही म्हणून सांगतो. प्रेसवर पत्र्यातून वॉशर कापणारा ऑपरेटर तासाला हजारोंनी वॉशर काढतो. तो कापतो ते पंच, म्हणजे वरून येणारं हत्यार, आणि डाय, म्हणजे त्याखालचा साचा, यांच्या जोरावर. पत्रा एक मिलिमीटरचा असेल तर पंच आणि डाय यांच्यात एका बाजूला पाच शतांश मिलिमीटरच्या आसपास फट लागते, माणसाच्या केसाहून कमी. फट जास्त झाली की वॉशरच्या कडेला बर, म्हणजे खरखरीत धार, येते. कमी झाली की पंच झिजतो, प्रेसवर भार येतो आणि एखाद्या दिवशी पंच तुटतो. बाहेरचा तुकडा हवा असेल तर डाय मापाला करायची आणि फट पंचावर द्यायची. आतलं भोक हवं असेल तर उलट. हे पाठ करायला एक तास लागतो. कडक केलेल्या स्टीलमध्ये ही फट सगळ्या कडेने सारखी आणायला वर्षं लागतात. डाय चांगली असेल तर तिच्यावर नवखा ऑपरेटरसुद्धा चांगला माल काढतो. डाय वाईट असेल तर पन्नास अनुभवी ऑपरेटर नुसतं रिजेक्शन काढत बसतात. आणि आमच्याकडच्या लहान वर्कशॉपच्या डाय बनायच्या पुण्यात नाहीतर मुंबईत. एक पंच तुटला की माणूस पिशवीत तो गुंडाळून रात्रीच्या गाडीने जायचा.

हे कोडं सोडवायला चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूलरूम आली. १९९० च्या सुमारास, भारत सरकार आणि जर्मनी यांच्या तांत्रिक सहकार्यातून, राज्याच्या मदतीने. तशाच संस्था इंदूर आणि अहमदाबादलाही झाल्या. तिथे मुलगा दहावीनंतर यायचा आणि टूल अँड डाय मेकिंगचा चार वर्षांचा डिप्लोमा करायचा. आणि, मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट: ती संस्था नुसती शाळा नव्हती. बाजूच्या उद्योगांसाठी ती खरेखुरे साचे आणि डाय बनवून देत होती, पैसे घेऊन, तारीख देऊन. मुलाच्या हातातला तुकडा परीक्षेनंतर भंगारात जात नव्हता, तो कुणाच्या तरी प्रेसवर चढत होता. आमच्या आयटीआयत मुलाने उत्तम डोव्हटेल केला तरी तो वर्षअखेरीस खोक्यात पडायचा, आणि मुलालाही ते ठाऊक असायचं.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा वायरकट मशीन बघण्याची उत्सुकता होती. थरथरणारी पितळेची तार पाण्यातून जाते आणि ठिणग्यांनी कडक स्टील कापते, ते बघत राहावंसं वाटतंच. पण त्या बारा-चौदा लाखांच्या मशिनींच्या पलीकडच्या शेडमध्ये पहिल्या वर्षाची पोरं ओळीने व्हाइससमोर उभी होती, हातात कानस. जर्मन पद्धतीतही सुरुवात तिथूनच. मला फार बरं वाटलं. संगणकावरच्या मशिनी आल्या की कानस जाणार, असं आमच्या वरिष्ठांपैकी काहीजण सांगत होते. ज्या देशाच्या मदतीने त्या मशिनी आल्या, त्याने कानस सोडली नव्हती.

जर्मनीची पद्धत समजून घेतल्यावर माझ्या मनात एक तुलना पक्की बसली. आपला शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा, त्यांचा व्यवसाय प्रशिक्षणाचा देशव्यापी कायदा १९६९ चा. कागदावर आपण आठ वर्षं पुढे होतो. पण त्यांच्याकडे कायद्याच्या आधीपासून शेकडो वर्षांची उस्तादांची परंपरा होती, आणि तिला त्यांनी शिस्त लावली. कारखान्यात उमेदवार घ्यायचा असेल तर त्याला शिकवणाऱ्याची पात्रता तपासली जाते. १९७२ पासून त्याची वेगळी परीक्षाच आहे. आठवड्यातले काही दिवस मुलगा कारखान्यात, उरलेले शाळेत. उस्तादाची पदवी समाजात मानाची. आपल्याकडे कायद्याने उमेदवारांची संख्या ठरवली. कारखान्यात त्यांना कोण शिकवणार, तो कोण असावा, त्याला काय मिळावं, हे सैल राहिलं. उस्तादांची परंपरा आपल्याकडेही होती. ती जातीत अडकलेली होती, म्हणून ती मोडायलाच हवी होती. पण जातीची भिंत पाडताना आतला उस्ताद बाहेर आणून बेंचशेजारी उभा करायचं काम आपण अर्धं सोडलं. लोहाराची मुलं आमच्याकडे येत, उत्तम काम करत; त्यांच्या बापाला मात्र कुठल्या आयटीआयने शिकवायला बोलावलं नाही, कारण त्याच्याकडे प्रमाणपत्र नव्हतं.

२००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना सुरू झाला. मोटारगाडीची जोडणी म्हणजे अचूकतेची आणखी वरची पायरी, आणि इथल्या पोरांनी ती जमवली. २००७ पासून केंद्राने देशातल्या १,३९६ सरकारी आयटीआयना उद्योगांच्या भागीदारीत सुधारण्यासाठी प्रत्येकी अडीच कोटींचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं. काही ठिकाणी त्यातून खरंच चांगलं काम झालं, नव्या मशिनी आल्या, वर्कशॉपला फरशी आली. मी ज्या एका संस्थेत होतो तिथे मशीन आलं, तीन फेजची जोडणी मात्र बराच काळ आली नाही, आणि प्लास्टिकचं आवरण घातलेल्या त्या मशीनशेजारी मी फळ्यावर त्याचं चित्र काढून शिकवत राहिलो. २०१३ मध्ये सत्र पद्धत आली, २०१८ मध्ये पुन्हा वार्षिक झाली. परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांच्या झाल्या. गुण वाढले. गुण्या आणि उजेड यांची परीक्षा घेणारा वेळ कमी झाला.

ज्या गोष्टीचं मला मनापासून वाईट वाटतं ती ही की निदेशकांच्या अनेक जागा वर्षानुवर्षं भरल्या गेल्या नाहीत आणि तासिका तत्त्वावर माणसं घेतली गेली. तासाच्या हिशेबाने येणारा तरुण कितीही गुणी असला तरी तो संध्याकाळी दुसऱ्या कामाला पळतो. माझ्या ओळखीचा असा एक मुलगा सकाळी टर्नर ट्रेड शिकवायचा आणि रात्री वाळूजमध्ये सीएनसीवर शिफ्ट करायचा, कारण घर शिफ्टवर चालायचं. कारखान्यात तो सेटर म्हणून जेवढे मिळवायचा, त्याच्या निम्मे त्याला शिकवण्याचे मिळत. या गणितात चांगला माणूस शिकवण्याकडे का येईल? आणि न आला, तर पुढच्या बॅचच्या शेजारी कोण उभं राहील?

तरीही विद्या वाहते आहे, हे मी वाळूजला गेलो की बघतो. इंडो-जर्मनमधून निघालेली आणि आमच्या आयटीआयतली कितीतरी पोरं आता स्वतःची वर्कशॉप चालवतात. एकाच्या शेडमध्ये दोन वायरकट आहेत, एक व्हीएमसी मिलिंग मशीन आहे, आणि दारातून आत शिरलं की डाव्या हाताला जुना लाकडी बेंच आणि दोन व्हाइस. कामाला आलेल्या नव्या पोराला तो पहिले काही महिने तिथेच ठेवतो. पोराचा बाप एकदा भांडायला आला, "दादा, माझ्या पोराला कम्प्युटरवाल्या मशीनसाठी पाठवलं होतं, आन् तुम्ही त्याला लोखंड घासायला लावलं?" माझ्या विद्यार्थ्याने त्याला एक डाय दाखवली. मशीनने कापलेली, पण शेवटचं बसवणं हाताने केलेलं. "काका, मशीन जिथवर नेतं तिथवर सगळेच जातात. पैसे त्याच्या पुढचे मिळतात." बाप बसला, चहा घेतला आणि पोराला ठेवून गेला.

आता बिडकीन. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधली ऑरिक वसाहत शेंद्रा आणि बिडकीन या दोन भागांत पसरली आहे; शेंद्र्याच्या ऑरिक हॉलचं उद्घाटन सप्टेंबर २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झालं. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटरने राज्य सरकारशी करार केला, सुमारे २०,००० कोटींच्या गुंतवणुकीचा कारखाना इथे उभारण्यासाठी. लक्ष्मणरावांच्या घराण्याचं नाव आणि चार पायऱ्यांची ती पद्धत मुरवलेली कंपनी, दोन्ही एकत्र मराठवाड्यात येत आहेत. याच कंपनीने कर्नाटकात बिडदीला २००७ मध्ये स्वतःची प्रशिक्षण शाळा काढली आहे. तिथे खेड्यातल्या गरीब घरांची मुलं तीन वर्षं राहून शिकतात, आणि शाळेच्या शेडमध्ये त्यांच्यासाठी वेगळे मास्तर आहेत.

बिडदीला गाड्या १९९९ पासून निघत होत्या, शाळा नंतर आली. मुळगावकरांनी पुण्यात क्रम उलटा ठेवला होता. बिडकीनला कारखान्याचं काम पुढे सरकेल तसं मी जिल्हा उद्योग केंद्रात, व्यवसाय शिक्षण कार्यालयात, उद्योजकांच्या संघटनांच्या बैठकीत एकच गोष्ट मांडतो आहे. कारखान्याच्या आराखड्यात प्रशिक्षण शेडचा प्लॉट पहिल्या टप्प्यात धरा, गेवराई, पैठण आणि अंबडच्या पोरांना त्यात जागा ठेवा, आणि आमच्यासारखे निवृत्त निदेशक व टूलरूममधले जुने मिस्त्री अजून चालते-फिरते आहेत तोवर त्यांना बोलवा. प्रमाणपत्र मागू नका. गुण्या आणि तुकडा हातात द्या आणि काम बघा. माझी नावनोंदणी मी आधीच करून ठेवली आहे.